पुन्हा त्याच थांब्यावर
कागल परिसर, महामार्ग आणि चाकांवरचे घर

पुणे-बेंगळुरू राष्ट्रीय महामार्ग महाराष्ट्राचा निरोप घेतो तो कागल तालुक्यात. कोल्हापूरहून दक्षिणेस निघालेले वाहन गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत मागे टाकते, कागल शहराच्या कडेने पुढे जाते आणि दूधगंगेचा पूल ओलांडल्यावर थोड्याच वेळात कोगनोळीच्या टोल नाक्यापाशी कर्नाटकात शिरते. नकाशावर या रस्त्याचा क्रमांक आता ४८ असला, तरी परिसरातील वृद्धांच्या तोंडी तो अद्याप 'चार नंबरचा रस्ता'च आहे. कागल शहराच्या पूर्वेस, हातकणंगले तालुक्याच्या हद्दीपर्यंत पसरलेली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत 'कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक क्षेत्र' म्हणून ओळखली जाते. नावावर भुलून तेथे कोणी उंची हॉटेल शोधू नये. नागपूरजवळील बुटीबोरी किंवा छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथील क्षेत्रांप्रमाणेच येथेही 'पंचतारांकित' हा शब्द रुंद रस्ते, पाणी, वीज, दळणवळण आणि निवास या सोयी एकाच ठिकाणी उभारण्याच्या योजनेचा द्योतक आहे. वस्त्रोद्योग आणि ओतकाम यांचा माल घेऊन येथून मालमोटारी रात्रंदिवस ये-जा करतात.

पर्यटकांच्या दृष्टीने मात्र कागल हे आजवर 'वाटेवरचे गाव' राहिले आहे. श्री महालक्ष्मीचे दर्शन, पन्हाळगड, जोतिबा, रंकाळा हे झाले की गाडी गोव्याकडे किंवा बेळगावकडे वळते. परंतु प्रवासाची जी एक पद्धत अलीकडे आपल्याकडे रुजू पाहत आहे, तिच्यात मुक्कामाच्या गावाइतकेच वाटेवरच्या गावाला महत्त्व असते. ती पद्धत म्हणजे मोटार कॅराव्हॅनचा, म्हणजेच चाकांवरच्या घराचा प्रवास. असा प्रवासी घाईत नसतो. पूर्वी जेथे बरे वाटले तेथे तो पुन्हा थांबतो, आणि पहिल्या भेटीत जे नजरेतून सुटते ते दुसऱ्या भेटीत त्याला दिसते. झाड तोडले गेले असेल, तळ्याकाठी कचरा साचला असेल, नळाला पाणी नसेल, तर ते प्रथम त्याच्याच लक्षात येते. नवे स्थळ उभारून उद्घाटन करणे त्या मानाने सोपे आहे. पाच वर्षांनी परत आलेल्या पाहुण्याला ते दाखविता येते का, हा प्रश्न अवघड आहे.

चाकांवरचे घर म्हणजे काय

बस किंवा टेम्पोच्या सांगाड्यावर झोपण्याची जागा, छोटा ओटा, पाण्याची टाकी, शौचालय आणि विजेची सोय बसविली की मोटार कॅराव्हॅन तयार होते. अशा वाहनांच्या मान्यतेसाठी देशात ए. आय. एस. १२४ हे स्वतंत्र मानक आहे. म्हणजे जुन्या मिनीबसमध्ये खाट आणि शेगडी ठेवून कोणी तिला कॅराव्हॅन म्हणू लागला, तर कायद्याच्या दृष्टीने ती कॅराव्हॅन होत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. वाहन आणि ते उभे करावयाचे सुसज्ज तळ, म्हणजे कॅराव्हॅन पार्क, या दोहोंचा विचार त्यात आहे. केरळ राज्यानेही त्याच वर्षी अशाच स्वरूपाची योजना पुढे आणली.

या वाहनाचे खरे मर्म त्याच्या टाक्यांत आहे. एक टाकी स्वच्छ पाण्याची, दुसरी धुण्या-भांड्याच्या सांडपाण्याची आणि तिसरी मैल्याची. चार माणसांच्या कुटुंबाने हात आखडून वापरले, तर शंभर लिटर पाणी जेमतेम एक दिवस पुरते. म्हणजे दररोज कोठे तरी पाणी भरावे लागते, आणि जेवढे पाणी भरले जवळजवळ तेवढेच कोठे तरी सोडावे लागते. पहिल्या गोष्टीची आठवण सर्वांना असते, दुसरीची क्वचितच. मैल्याच्या टाकीत दुर्गंधी रोखण्यासाठी पुष्कळदा रसायने घातलेली असतात. अशी टाकी ओढ्यात किंवा शेताच्या बांधाला रिती केली तर पाणी दूषित होतेच. परंतु एखाद्या घरगुती सेप्टिक टँकमध्ये ती ओतली, तर मैला कुजविणारे तेथील जीवाणूही मरू शकतात आणि टाकीचे काम बिघडते. कॅराव्हॅनचे स्वागत करू इच्छिणाऱ्या ग्रामपंचायतीने फलक रंगविण्याआधी हा मैला कोठे जाणार याचा विचार करावयास हवा.

हौसेच्या कॅराव्हॅनचा आरंभ बहुधा इंग्लंडमध्ये झाला असे मानतात. १८८५ साली डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या लेखकाने 'वाँडरर' नावाची घोड्यांनी ओढण्याची सुसज्ज गाडी बांधून घेतली आणि तीतून थेट स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. कोल्हापूरच्या माणसाला याचे फारसे नवल वाटू नये. त्याच्या आजोबा-पणजोबांनीही घर बरोबर घेऊनच प्रवास केलेला आहे.

सौंदत्तीची वाट, जोतिबाची वाट

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास कोल्हापूर आणि भोवतालच्या गावांतून सौंदत्तीच्या रेणुकादेवीच्या यात्रेसाठी जी माणसे निघतात, त्यांचा प्रवास पाहण्यासारखा असतो. गल्लीतील माणसे मिळून एसटीची अख्खी गाडी ठरवितात. गाडीत माणसांबरोबर पिठाचे डबे, तांदूळ, भांडी, शेगड्या, अंथरुणे, पाण्याच्या घागरी आणि लहान मुले चढतात. सौंदत्तीला पोहोचल्यावर आधी जोगणभावीच्या कुंडावर स्नान, मग डोंगरावर मुक्काम, उघड्यावर चूल, देवीचा नैवेद्य आणि मग गल्लीचे एकत्र जेवण असा क्रम असतो. एसटी येण्यापूर्वी हीच यात्रा बैलगाड्यांनी होत असे. वर ताडपत्री, खाली गवताची गादी आणि मागे टांगलेला कंदील अशी ती गाडी रात्री घर होई.

याच्या उलट दिशेने चैत्रात बेळगाव भागातील भाविक वाडी रत्नागिरीच्या जोतिबाला येतात. त्यांच्यापैकी काहींनी बैलगाडीची परंपरा मोटारीच्या काळातही टिकवून धरली. या गाड्या याच पट्ट्यातून जातात. त्यांचे थांबे ठरलेले असतात. कोणत्या गावी बैल सोडायचे, कोणत्या विहिरीवर पाणी पाजायचे, कोणत्या घरून ताक येते, हे बापाकडून मुलाला कळते. 'गेल्या साली येथे चिंच होती' असे वाक्य तेथे सहज ऐकू येते. आणि ते नुसते स्मरणरंजन नसते, दुपारच्या उन्हात बैल कोठे बांधायचे हा रोकडा प्रश्न त्यामागे असतो. पंढरीच्या वारीतही पालखीचे मुक्काम असेच वर्षानुवर्षे ठरलेले आहेत. रस्त्याकडेच्या स्थळाला पुन्हा पुन्हा भेट देणे ही पाश्चात्त्यांची चूष नव्हे. आपल्याकडे ती यात्रेच्या पोटात होती. फरक इतकाच की तिची व्यवस्था गाव करीत असे आणि गावाला त्याचे ओझे वाटत नसे.

काय पाहावे, काय पुन्हा पाहावे

कागल हे छत्रपती शाहू महाराजांच्या जनक घराण्याचे, घाटग्यांचे गाव. महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा. १८८४ साली दत्तक जाऊन ते कोल्हापूरचे छत्रपती झाले. गावातील गैबी पिराच्या उरुसात हिंदू आणि मुसलमान सारख्याच आस्थेने सहभागी होतात. जयसिंगराव तलाव हे नाव याच घाटगे घराण्याची आठवण देते. मराठी वाचकाला कागलची आणखी एक ओळख आहे. आनंद यादव यांचा जन्म येथला, आणि १९९० साली साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या त्यांच्या 'झोंबी'तील मळा, मोट, शाळेची ओढ आणि दारिद्र्य याच मातीतले. ते पुस्तक वाचून येथे प्रथम आलेला शिक्षक मळे शोधतो. दुसऱ्यांदा येतो तेव्हा त्याला कारखान्यांची धुराडी आणि त्यांच्या पायथ्याशी उभा ऊस एकाच चौकटीत दिसू लागतो.

महामार्गापासून थोडे आत कणेरीच्या सिद्धगिरी मठातील ग्रामजीवन संग्रहालय आहे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट असे बलुतेदार आणि शेतीची नाना कामे तेथे माणसाच्या आकाराच्या पुतळ्यांतून मांडलेली आहेत. शाळांच्या सहलींचे हे आवडते ठिकाण. पहिल्या भेटीत मुले पुतळे जिवंत आहेत की काय म्हणून पाहतात. दुसऱ्या भेटीत शिक्षकाने त्यांना एखादे अवजार निवडून त्याचे नाव आणि काम लिहावयास सांगितले, तर सहलीचे चीज होते. गावाचे तेथील चित्र काहीसे सुखाचे आहे, बलुत्याच्या पद्धतीतील उच्चनीचता त्यात फारशी दिसत नाही, हेही वरच्या वर्गातील मुलांशी बोलण्यासारखे आहे.

औद्योगिक क्षेत्राच्या दुसऱ्या अंगास पट्टणकोडोली आणि हुपरी ही गावे. हुपरी हे चांदीकामाचे गाव. पैंजणांच्या साखळ्या, घुंगरे, मीनाकाम घरोघरी चालते. पट्टणकोडोलीस विठ्ठल-बिरदेवाची आश्विनातील यात्रा भरते. सोलापूर जिल्ह्यातील अंजनगावहून फरांडे बाबा पायी येतात, भाकणूक सांगतात आणि हळदीच्या भंडाऱ्याने माणसे, ढोल, रस्ते सारे पिवळे होऊन जाते. मेंढ्या, घोडी आणि बिऱ्हाड घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या धनगर समाजाचा हा मेळा फिरत्या घराने आलेल्या प्रवाशाने आवर्जून पाहावा असाच आहे.

परंतु या पट्ट्यातील सर्वांत जिवंत रस्ताकडेचे आकर्षण कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडत नाही. ते म्हणजे गुऱ्हाळ. दिवाळीच्या आगेमागे ते पेटते आणि वाऱ्यावर रसाचा गोड, किंचित करपट वास पसरतो. घाण्यातून आलेला रस काहिलीत पडतो. जळव्या चुलवणात वाळलेली चिपाडे सारीत राहतो. भेंडीच्या चिकट पाण्याने मळी वर येते आणि ती काढून टाकली जाते. पाक कोठवर आला हे गुळव्या केवळ नजरेने आणि बोटाने ओळखतो. क्षणभर उशीर झाला तर गूळ बिघडतो. मग रस वाफ्यात ओतला जातो, घोटला जातो आणि साच्यातून ढेप निघते. आलेल्याच्या हातावर गरम गूळ आणि वाटीत काकवी ठेवल्याशिवाय त्याला जाऊ देत नाहीत. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि मजुरांची टंचाई, भावाची अनिश्चितता आणि साखर कारखान्यांची ओढ यांमुळे गुऱ्हाळांची संख्या घटत गेली. गेल्या खेपेस जेथे काकवी प्यालो ते गुऱ्हाळ यंदा बंद आहे, असा अनुभव येथे परतणाऱ्या प्रवाशास येऊ शकतो. गुळाला मानांकन मिळाले. गुळव्याच्या हाताखाली नवा मुलगा शिकतो आहे की नाही, हे मात्र गुऱ्हाळावर जाऊनच कळते.

चहाच्या दुकानासमोर थांबणारी गाडी

रस्त्याकडेच्या एखाद्या दुकानी पुन्हा पुन्हा थांबल्याने काय होऊ शकते, याचे उदाहरण कोल्हापूरच्या इतिहासात आहे. गंगाराम कांबळे हे दरबारच्या पागेतील नोकर. पाण्याला शिवल्याच्या कारणावरून त्यांना मारहाण झाली, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना स्वतंत्र व्यवसायास प्रोत्साहन दिले. कांबळे यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' नावाचे चहाचे दुकान घातले. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा कोण पिणार? गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज फेरफटक्यास निघाले की आपली गाडी त्या दुकानासमोर उभी करवीत, चहा मागवीत, स्वतः घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही देत. खुद्द छत्रपती जो चहा घेतात तो नाकारण्याचे धाडस मग कोणास होणार! महाराज एकदाच थांबले असते तर लोकांनी ती राजाची लहर मानली असती. ते येत राहिले, म्हणून ते दुकान दुकान झाले.

भाऊसिंगजी रस्ता कोल्हापूर शहरातला. राजाराम महाराजांच्या काळापर्यंत किंवा पुढेही शहरातील रस्ता म्हणजे थांबण्याची जागा होती. महामार्गाचे तसे नसते. तो जितका सुधारतो तितकी थांबण्याची जागा कमी होते.

रुंद होणारा रस्ता

सुवर्ण चतुष्कोन योजनेत हा मार्ग चौपदरी झाला. त्यानंतर सातारा ते कागल या टप्प्याचे सहापदरीकरण हाती घेण्यात आले. ऊस भरलेल्या जोड ट्रॉल्या, दुचाकीवरचे कामगार आणि वेगाने जाणाऱ्या मालमोटारी यांची सरमिसळ ज्यांनी रात्रीच्या वेळी पाहिली आहे, ते या रुंदीकरणाची आवश्यकता नाकारणार नाहीत. उड्डाणपूल आणि सेवा रस्ते यांमुळे अपघातांना आळा बसतो. परंतु त्याचबरोबर ज्या वडाखाली रसवंती होती तो वड जातो, आणि ज्या हॉटेलासमोर गाडी सहज वळत असे ते पुलाच्या सावलीत सापडते.

अमेरिकेतील 'रूट ६६' या मार्गाचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. १९२६ साली क्रमांक मिळालेल्या या मार्गावर कैक लहान गावे पेट्रोल, जेवण आणि मुक्काम यांवर जगत होती. नवे द्रुतगती मार्ग गावांना वळसा घालून गेले आणि १९८५ साली हा क्रमांक अधिकृत यादीतून काढण्यात आला. ॲरिझोना राज्यातील सेलिगमन या गावच्या रहिवाशांनी पुढे येऊन १९८७ साली जुन्या मार्गाच्या जतनासाठी संघटना उभी केली. जुने फलक, जुनी दुकाने त्यांनी सांभाळली. आता केवळ तो जुना रस्ता पाहण्यासाठी जगभरातून लोक तेथे येतात, त्यांपैकी पुष्कळजण फिरत्या घरांतून.

कागलच्या पट्ट्यात रस्ता जेव्हा बंद पडला, तेव्हाचे चित्र निराळे होते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि अनेक दिवस वाहतूक थांबली. जुलै २०२१ मध्ये उत्तरेस शिरोलीजवळ पंचगंगा आणि दक्षिणेस निपाणीनजीक यमगर्णी येथे वेदगंगा, अशा दोन्ही बाजूंनी रस्ता तुटला. मालमोटारींच्या रांगा लागल्या. या मोटारींचे चालक पंजाब, राजस्थान, तमिळनाडू अशा दूरच्या मुलुखांतले. त्यांची केबिन हेच त्यांचे घर, आणि त्या दिवसांत ते घर जागचे हलू शकत नव्हते. भोवतालच्या गावांनी त्यांना भाकरी, भात आणि पिण्याचे पाणी पुरविले. कॅराव्हॅनच्या सोयींचा विचार करताना हा चालक नजरेआड होऊ नये. या रस्त्यावर चाकांवरच्या घरात राहणारा सर्वांत मोठा वर्ग तोच आहे, आणि दर आठवड्या-पंधरवड्याला त्याच थांब्यावर परत येणाराही तोच. त्याच्यासाठी स्नानगृह नसेल आणि हौशी प्रवाशासाठी असेल, तर ती सोय फार काळ टिकणार नाही.

पंचायतीच्या हातातील गोष्टी

या कामाला फार मोठा खर्च येतो असे नाही. कॅराव्हॅनला सपाट आणि पावसाळ्यात न खचणारी जमीन लागते. वाहन उताराला उभे असेल तर आत झोपणेही कठीण होते. वाहनाची उंची साधारण तीन मीटरपर्यंत असल्याने लोंबत्या तारा आणि खाली आलेल्या फांद्या हा मोठा अडथळा ठरतो. तारा वर घ्याव्या. फांद्या बेताने छाटाव्या, झाड तोडू नये, कारण सावलीसाठीच प्रवासी थांबतो. पिण्याच्या पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची मोरी यांत चांगले अंतर असावे. विजेसाठी १६ अँपिअरचा मीटरयुक्त, मातीजोड केलेला सॉकेट पुरतो. मैल्यासाठी झाकणबंद चेंबर आणि तो नियमाने उपसून प्रक्रिया केंद्राकडे नेण्याची व्यवस्था हवी. ती होत नसेल तर 'येथे टाकी रिकामी करू नये' असा स्पष्ट फलक तरी हवा.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मध्ये ग्रामपंचायतीला जे कर व फी बसविता येतात, त्यांत गाड्यांचे अड्डे आणि टांग्यांचे तळ यांवरील फीचा उल्लेख आहे. टांगे गेले, तरतूद करणाऱ्यांना त्या काळी चाकांवरचे घर अभिप्रेत नव्हते हे उघड आहे. तरीही तळ राखावा, तो झाडावा आणि त्याबद्दल माफक आकार घ्यावा ही कल्पना गावाला नवी नाही. तळंदगे, हलसवडे, कसबा सांगाव, पट्टणकोडोली अशी औद्योगिक क्षेत्रालगतची गावे या दृष्टीने सोयीच्या ठिकाणी आहेत. मोठी वाहने वळू शकतील असे रस्ते, वाहन दुरुस्तीची कार्यशाळा आणि वजनकाटा त्यांना हाताशी मिळतात. एखाद्या खेड्याने हे सारे नव्याने उभारायचे म्हटले तर ते परवडणारे नाही.

प्रवासाचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम. गुऱ्हाळे चालू असतात, दूधगंगेचे पाणी निवळलेले असते, रात्री गारठा असतो. मात्र याच काळात गळीत हंगाम असल्याने रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात आणि त्यांतील काहींना मागे दिवा किंवा परावर्तक नसतो. बीड भागातून आलेले ऊसतोड कामगार कारखान्यांच्या परिसरात कोपी घालून राहतात. पाचटाची ती घरे मार्चअखेर उठतात आणि बिऱ्हाड पुन्हा ट्रकवर चढते. पुढच्या दिवाळीला ती माणसे त्याच माळावर परत येतात आणि आल्या आल्या पहिली चौकशी पाण्याची करतात.